पहाटेचे तीन, चोविसावा आठवडा आणि ‘ताण घेऊ नकोस’

पत्र थोडक्यात असं:

“माझं वय २९. दीड वर्षापूर्वी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. आता चोविसावा आठवडा चालू आहे. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी व्यवस्थित होती, बाळाची हालचालही कळते. तरी रोज रात्री तीनच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडतं, बोटांना मुंग्या येतात, आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र घरी आणलंय, दिवसातून पाच-सहा वेळा लावते. ठोके सापडले नाहीत की हातपाय गार पडतात. बाळासाठी अजून एकही वस्तू घेतलेली नाही, हात धजत नाही. सासूबाई, आई, मैत्रिणी, सगळ्या म्हणतात, ‘ताण घेऊ नकोस, बाळाला लागेल.’ नवरा म्हणतो, पॉझिटिव्ह विचार कर. मी प्रयत्न करते, जमत नाही, आणि मग वाटतं की मीच माझ्या बाळाचं नुकसान करतेय. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी ‘कशी आहेस’ विचारलं की ‘बरी आहे’ म्हणून परत येते.”

प्रिय मैत्रीण,

तुमच्या मनातला सगळ्यात जड प्रश्न आधी घेऊ. घाबरून रात्र जागल्यामुळे तुम्ही बाळाचं नुकसान करत नाही आहात. रोजच्या काळजीने, धावपळीने, एखाद्या भांडणाने गर्भपातही होत नाही. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त घटनांत गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असतो, आणि तो अगदी सुरुवातीलाच, बहुतेकदा आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी ठरून गेलेला असतो. त्या आठवड्यांत तुम्ही काय विचार केलात, किती रडलात, यावर ते अवलंबून नसतं.

‘बाळाला लागेल’ ही भीती कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनच्या अर्धवट माहितीतून येते. कॉर्टिसॉल गरोदरपणात वाढतंच. शेवटच्या तिमाहीपर्यंत आईच्या रक्तातलं त्याचं प्रमाण एरवीच्या दुप्पट-तिपटीवर जातं, आणि हे अगदी निवांत असलेल्या बाईच्या बाबतीतही घडतं. शिवाय वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, एक एन्झाइम असतं. आईकडून आलेल्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग ते कॉर्टिसोन या निष्क्रिय रूपात बदलून टाकतं. म्हणजे तुमच्या छातीतली प्रत्येक धडधड जशीच्या तशी बाळापर्यंत पोचत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती लपवली तर वरचं सगळं नुसतं समजूत घालणं ठरेल. महिनोन्महिने उपचाराविना राहिलेलं तीव्र नैराश्य किंवा चिंताविकार असेल, तर वेळेआधी प्रसूती आणि बाळाचं कमी वजन यांचं प्रमाण काहीसं वाढलेलं दिसतं. या संबंधातला किती भाग थेट ताणाचा आणि किती भाग त्यासोबत बिघडणाऱ्या खाण्याचा, झोपेचा, चुकलेल्या तपासण्यांचा, हे वेगळं करणं अवघड असतं. पण यातून निघणारा सल्ला सरळ आहे: त्रास होत असेल तर त्यावर उपचार घ्या. ‘ताण घेऊ नकोस’ यात उपचार कुठेच नाही. त्याने फक्त चिंतेवर आणखी एका चिंतेचा थर चढतो. तुमचं पत्र वाचताना मूळ काळजीपेक्षा हा वरचा थरच जास्त जाड दिसतो, आणि काढायला सुरुवात तिथूनच करायला हवी.

आता पहाटे तीनला जाग येण्याबद्दल. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते, आणि रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात ती मुळातच उथळ होते. प्रत्येक फेरीच्या शेवटी आपण क्षणभर वर येतो, एरवी ते सकाळी आठवतही नाही. चोविसाव्या आठवड्यात मात्र त्याच क्षणी लघवीची कळ येते, छातीत जळजळतं, कूस बदलायची असते, किंवा बाळ एक लाथ मारतं. आणि पूर्ण जाग येते. पहाटेकडे कॉर्टिसॉलही सकाळच्या तयारीसाठी चढायला लागलेलं असतं. इथवर सगळं शरीराचं नेहमीचं काम आहे. पुढचा भाग आपण नकळत शिकलेला असतो: जाग आली, मोबाइलवर वेळ पाहिली, ३:०७, ‘आली का आजही’ असं मनात आलं, धडधड सुरू झाली, आणि अंथरूण म्हणजे जागं राहून काळजी करायची जागा हे शरीराने पाठ करून टाकलं.

ही सवय मोडायचा मार्ग निद्रानाशाच्या वर्तनोपचारातला आहे. तो गरोदरपणातही वापरतात आणि त्याला गोळी लागत नाही. घड्याळ आणि मोबाइल अंथरुणातून दिसणार नाहीत, हात पोचणार नाही, अशा ठिकाणी ठेवा. गजर हवा असेल तर तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला वाजू दे. जाग आली की मोठा दिवा न लावता बाथरूमला जाऊन या आणि कुशीवर पडा. अंदाजे १५-२० मिनिटांत झोप परत येत नाहीये असं वाटलं, किंवा त्याआधीच डोक्यात विचार गरगरायला लागले, तर उठा. दुसऱ्या जागी खुर्चीत बसा, मंद उजेडात कागदावरचं काहीतरी संथ वाचा किंवा घड्या घालायचे कपडे घ्या. पापण्या जड झाल्या की परत या. एका रात्रीत असं दोन-तीनदा उठावं लागेल. पहिला आठवडा थकवणारा जातो आणि बहुतेकजणी नेमक्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून सोडून देतात. दोन-तीन आठवडे धरून ठेवावं लागतं.

याच्या जोडीला सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. रात्री झोप झाली नाही म्हणून संध्याकाळी आठलाच अंथरुणावर पडणं ही सगळ्यात सामान्य चूक. त्याने पहाटेची जाग आणखी लवकर येते. दुपारी झोप अनावर झाली तर अर्धा तास पुरे, तोही तीनच्या आत. चहा-कॉफीचं कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं असं गरोदरपणात सांगितलं जातं. मोठा मगभर इन्स्टंट कॉफीत साधारण १०० आणि मगभर चहात सुमारे ७५ मिलिग्रॅम असतं. तुम्हाला झोपेचा त्रास आहे, तेव्हा जे काही घ्याल ते दुपारी बाराच्या आत घ्या.

आणि काळजीला दिवसातली एक जागा द्या. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, टेबलाशी बसून, वहीत. अंथरुणात नको आणि मनातल्या मनातही नको. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे काळजी जशी मनात येते त्याच शब्दांत लिहा. उजवीकडे, तिच्याबद्दल येत्या आठवड्यात हाताने करता येण्यासारखं काही आहे का ते. उदाहरणार्थ डावीकडे ‘हिमोग्लोबिन कमी असेल तर?’, उजवीकडे ‘गुरुवारच्या भेटीत रिपोर्ट मागायचा’. डावीकडे ‘याही वेळी बाळ गेलं तर?’, आणि उजवीकडची जागा कोरी. ती कोरीच राहू द्या. तिथे काहीतरी भरायचा हट्टच रात्री तीनला तुम्हाला जागं ठेवतो. सव्वासहाला वही बंद. रात्री तोच विचार आला की मनाशी एवढंच म्हणायचं, ‘उद्या सहाला’. विचार लगेच जाणार नाही, पण त्याला वेळ दिलेली आहे हे हळूहळू डोक्याला कळतं. सलग दहा-बारा दिवस केल्यावर फरक जाणवायला लागतो.

धडधड आणि मुंग्यांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चुकीचा सल्ला फार मिळतो. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि विश्रांतीतली नाडीही मिनिटाला १०-२० ठोक्यांनी वर जाते. म्हणजे थोडी धडधड कायमचीच असते. श्वासाचंही तसंच. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे गरोदर बाई आधीच जास्त हवा घेत असते, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवीपेक्षा कमी असतो. घाबरल्यावर श्वास आणखी भरभर झाला की तो अजून खाली येतो, आणि त्यातूनच बोटांना मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, चक्कर, ‘श्वास पुरत नाही’ ही भावना येते. अशा वेळी कोणी ‘मोठा श्वास घे, अजून मोठा’ म्हणालं तर त्रास वाढतो. हवा आधीच जास्त झालेली आहे.

करायचं ते उलट: श्वास लहान आणि सावकाश. बसा किंवा डाव्या-उजव्या कुठल्याही कुशीवर पडा. पाठीवर उताणं पडून नको, कारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येऊन आणखी गरगरू शकतं. तोंड मिटून नाकाने मनात चार मोजेपर्यंत हलकेच आत, मग ओठ फुंकर घालतो तसे गोल करून सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास मध्ये रोखून धरायचा नाही. चार-सहा जड वाटलं तर तीन-चारपासून सुरू करा. बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब असणं एवढंच महत्त्वाचं. पाच मिनिटं. आणि हा सराव रोज दुपारी, शांत असताना दोनदा करा. पोहणं बुडताना शिकता येत नाही, तसंच हेही. फक्त झटका आल्यावरच करून पाहणाऱ्या बहुतेकजणी ‘माझ्यावर चालत नाही’ असं सांगतात.

भीतीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. तो अंगावरून जाऊ दिला की प्रत्येक वेळी त्याचा धाक थोडा कमी होतो. मात्र काही लक्षणं झटका म्हणून सोडून द्यायची नसतात: शांत बसलं असताना वाढत जाणारी धाप, छातीत दुखणं, बेशुद्ध होणं, एकाच पोटरीला सूज आणि ठणका, कमी न होणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, रक्तदाब १४०/९० किंवा वर, रक्तस्राव, पाणी जाणं. यात श्वासाचा व्यायाम करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता ते यंत्र. तुमच्या पत्रातली ही एकच वस्तू आहे जिच्याबद्दल आम्ही ठाम आहोत: ते घरातून जाऊ द्या. पोटावर जेल लावून तुम्ही ते फिरवता तेव्हा त्यात तीन वेगवेगळे आवाज मिळू शकतात: बाळाच्या हृदयाचा, वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा सूं-सूं आवाज, आणि तुमच्या स्वतःच्या धमन्यांचा. बाळाचा वेग सामान्यतः ११० ते १६० असतो. तुम्ही घाबरलेल्या असता तेव्हा तुमची नाडी सहज ११५-१२० वर जाते. म्हणजे ज्या क्षणी खात्री सगळ्यात जास्त हवी असते, त्याच क्षणी हे यंत्र तुमचेच ठोके तुम्हाला बाळाचे म्हणून ऐकवू शकतं. आणि सापडले नाहीत, तर बहुधा बाळ फक्त पाठ करून किंवा कोपऱ्यात असतं, किंवा वार पुढच्या बाजूला असते, पण तुमचे हातपाय गार पडतात. दोन्हीकडून फसवणूक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्येच अशा यंत्रांच्या घरगुती वापराविरुद्ध सावध केलं होतं. सगळ्यात मोठा धोका असा, की हालचाल खरोखर कमी झालेली असताना यंत्रावर काहीतरी ठोके ऐकून बाई दवाखान्यात जायचं टाळते.

सोडताना काय होईल तेही सांगून ठेवतो. पुन्हापुन्हा तपासून मिळणारा दिलासा दहा-वीस मिनिटं टिकतो आणि पुढच्या तपासणीची तहान वाढवतो. यंत्र बंद केल्यावर पहिले चार-पाच दिवस अस्वस्थता वाढेल. ती वाढली म्हणजे काही चुकतंय असं नाही, चक्र तुटतंय. नवऱ्याकडे देऊन बॅटऱ्या काढायला सांगा आणि तुम्ही कितीही विनवलंत तरी परत द्यायचं नाही असं आधीच ठरवा. मोबाइलवर लक्षणं शोधणंही याच जातीचं आहे. प्रश्न पडला की शोधण्याऐवजी वहीत उतरवा. ज्या प्रश्नाला डॉक्टरांकडेच उत्तर आहे तो तपासणीच्या दिवशी विचारा. तातडीचा वाटला तर दवाखान्यात फोन करा.

मग बाळाची खुशाली कळणार कशी? हालचालीवरून. चोविसाव्या आठवड्यात ती अनियमित असते, एखादा दिवस शांतही जातो. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची स्वतःची लय बसते आणि ती तुम्हाला ओळखू यायला लागते. बाळ एका वेळी २० ते ४० मिनिटं झोपतं, क्वचितच दीड तासाच्या पुढे. नेहमीपेक्षा कमी वाटली तर कुशीवर शांत पडून फक्त त्याकडे लक्ष द्या. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा आकडा काहीही असला तरी ‘हे नेहमीसारखं नाही’ असं वाटलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. सकाळची वाट पाहू नका. तिथे गेल्यावर सगळं ठीक निघालं तर कोणाचा वेळ वाया घालवला असं समजू नका. तपासण्याची योग्य जागा तीच आहे.

मनाचा त्रास समजून ज्याकडे आपण पाहतो त्यात कधीकधी रक्ताचा वाटा असतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली (दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली) गेलं की थकवा, धडधड, चिडचिड येते. थायरॉइड जास्त असेल तर धडधड आणि अस्वस्थता, कमी असेल तर सुस्ती आणि उदासी. रात्री पायांत ओढ लागून ते सतत हलवावेसे वाटत असतील तर लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासून घ्या. पुढच्या भेटीत हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) यांचे आकडे विचारा. लोहाची गोळी चालू असेल तर ती चहा-कॉफी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून एक-दोन तास लांब घ्या, नाहीतर अंगाला लागत नाही.

‘बरी आहे’ हे उत्तर आता बदलायला हवं. डॉक्टरांसमोर रडू फुटेल म्हणून बोलता येत नसेल तर लिहून न्या. अशी एक चिठ्ठी पुरते: “गेले — आठवडे रोज पहाटे तीनला जाग येते, परत झोप लागत नाही. आठवड्यातून — वेळा भीतीचा झटका येतो. मागच्या गर्भपाताची भीती दिवसभर असते. मला यासाठी मदत हवी आहे.” मोकळ्या जागी तुमचे आकडे भरा. पाच मिनिटांच्या भेटीत मोघम ‘टेन्शन येतं’ यापेक्षा आकडे लवकर पोचतात.

डॉक्टर कदाचित एक प्रश्नावली देतील. एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल तिचं नाव. १९८७ मध्ये ती बाळंतिणींसाठी तयार झाली, पण गरोदरपणातही वापरतात. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. दहा किंवा वर गुण आले तर लक्ष ठेवायचं आणि पुन्हा तपासायचं. तेरा किंवा वर आले तर नैराश्याची शक्यता बरीच असते आणि नीट तपासणी हवी. तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न स्वतःला दोष देणं, कारण नसताना काळजी आणि घाबरणं यांबद्दल आहेत. तुमचे गुण तिथे जास्त येतील असा अंदाज आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर बेरीज किती याला अर्थ उरत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. आणि ‘मी नसले तर बरं’ हा विचार योजनेपर्यंत पोचला असेल तर क्षणभरही एकट्या राहू नका, कोणाला तरी उठवा आणि तातडीच्या विभागात जा.

तुम्ही एकट्या नाही आहात हे आकड्यांवरूनही दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना आणि १३ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार असतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हेच प्रमाण १५.६ आणि १९.८ टक्के आहे.

उपचारात पहिली पायरी बोलण्याची. सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी समुपदेशन पद्धत, साधारण आठ ते सोळा सत्रांत चालते. नात्यांतल्या ताणावर आणि गमावल्याच्या दुःखावर भर देणारी इंटरपर्सनल थेरपीही आहे. मागचा गर्भपात मनात इतका ताजा असताना तिचाही विचार करा. समुपदेशकाला पहिल्या भेटीत विचारा: गरोदर स्त्रियांसोबत काम केलंय का, कुठली पद्धत वापरता, किती सत्रं लागतील, दोन सत्रांच्या मध्ये मी घरी काय करायचं. शेवटच्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळत नसेल तर दुसरी व्यक्ती शोधा. साध्या माणसांनी दिलेली अशी मदतही किती पोचते याचं उदाहरण पाकिस्तानच्या ग्रामीण भागातलं आहे. तिथे ‘थिंकिंग हेल्दी’ या कार्यक्रमात गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना सीबीटीची तंत्रं शिकवली गेली. गरोदरपणातच नैराश्य असलेल्या स्त्रियांवरच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के आया नैराश्यात होत्या, तर या गटात २३ टक्के.

औषधाबद्दल दोन गोष्टी. आधीपासून चालू असलेली गोळी दिवस गेल्याचं कळताच एकदम बंद करणं ही मोठी चूक आहे. आजार उलटतो, आणि तोही गरोदरपणातच. नैराश्य आणि चिंतेवरची सर्ट्रालिनसारखी काही औषधं गरोदरपणात बरीच वापरली जातात. ती घेतलेल्या आईचं बाळ जन्मल्यावर काही दिवस किरकिरं किंवा थरथरणारं असू शकतं, बहुधा आपोआप ठीक होतं. उलट मनाचे चढउतार आवरणारं व्हॅल्प्रोएटसारखं औषध या काळात टाळायचंच असतं, पण तेही मनाने थांबवायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांनीच बदलायचं. ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी शांत करणारी पावडर किंवा अर्क विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि दारू किंवा उरलेल्या झोपेच्या गोळ्या नकोतच.

चालणं मात्र बिनधास्त. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही चालतात.

घरच्यांना काय सांगायचं? सासूबाई आणि आई दोघींच्या त्या वाक्यामागे मायाच आहे, फक्त ती चुकीच्या शब्दांत येते. त्यांना ‘असं बोलू नका’ म्हणण्यापेक्षा काम द्या: “आई, मला धडधडतं तेव्हा ताण घेऊ नकोस म्हटलं की जास्त घाबरायला होतं. त्याऐवजी माझ्याजवळ पाच मिनिटं बसा.” नवऱ्यालाही ‘पॉझिटिव्ह’च्या जागी तीन ठरलेली कामं: यंत्र सांभाळणं, मोठ्या तपासणीला सोबत येणं, आणि रात्री तुम्ही उठून बसलात तर उपाय न सुचवता फक्त विचारणं, ‘ऐकू की शेजारी बसू?’ त्याची झोप आणि भूक कशी आहे हेही पाहा. होणाऱ्या वडिलांतही दहापैकी सुमारे एकाला नैराश्य येतं, आणि ते बहुतेकदा चिडचिड किंवा कामात बुडून जाणं अशा रूपात दिसतं. घरात कोणी तुम्हाला मारत, धमकावत किंवा कोंडत असेल तर मात्र हा सगळा मजकूर बाजूला. आधी सुरक्षितता. डॉक्टरांना एकटीला भेटायचंय असं सांगा.

बाळासाठी काही घ्यायला हात धजत नाही, याबद्दल शेवटी मुद्दाम लिहितो, कारण लोक त्याला माया नसल्याचं लक्षण समजतात. एकदा बाळ गमावलेल्या अनेकजणी असंच करतात: जीव लावायचाच नाही, म्हणजे गेलं तरी लागणार नाही. तसं घडत नाही. न लावलेला जीवही तितकाच तुटतो. पण म्हणून उद्याच पाळणा आणायची गरज नाही. पहिल्या बाळाला आधी जागा द्या. त्याची तारीख, त्या दिवशीची आठवण, त्याला म्हणायचं राहिलेलं काही, वहीच्या वेगळ्या पानावर लिहा किंवा नवऱ्याशी बोला. ते बाळ वेगळं, हे वेगळं. मग ज्या दिवशी जमेल त्या दिवशी एकच लहान वस्तू घ्या, परत करता येईल अशी. मोजे चालतील. दुकानात रडू आलं तर येऊ दे. आणि नववा आठवडा संपला तरी भीती कमी झाली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. ती तारखेने संपत नाही, हळूहळू विरळ होते.

बाळंतपणानंतरचंही आत्ताच ठरवून ठेवा, कारण तेव्हा ठरवायचं त्राण नसतं. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, मन चटकन भरून येणं सामान्य आहे. दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं तर डॉक्टर. एखादा नकोसा विचार, जसं ‘बाळ हातातून पडलं तर’, मनात येऊन तुम्ही स्वतःच त्याने हादरत असाल, तर तो चिंतेचा भाग असतो, सांगायला लाजू नका. याहून वेगळी अवस्था म्हणजे झोपेची गरजच न वाटणं, भास होणं, विचित्र खात्री वाटू लागणं. ती हजारात एक-दोघींना होते, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तासाभराचाही उशीर नको. तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कोणाला बायपोलर आजार (अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा) असेल तर डॉक्टरांना आताच सांगा. रात्रीतून सलग चार-पाच तास तुमच्या झोपेचे, बाळ दुसऱ्याकडे, हे कोण सांभाळणार ते नावानिशी ठरवा. आणि तुमच्यात काही बिघडलंय हे सगळ्यात आधी ओळखेल अशी एक व्यक्ती निवडा. तिचं नाव, डॉक्टरांचा आणि दवाखान्याचा नंबर एका कागदावर लिहा आणि बाथरूमकडे जाताना दिसेल अशा भिंतीवर लावा. अक्षरं मोठी काढा, पहाटे तीनला मंद उजेडातही वाचता येतील एवढी.